गावाने ठरवले

(गावातील जमिनीचा उपयोग कशासाठी करावा, हे ठरवताना तेथे राहणाऱ्या माणसांचे मत किती मोलाचे असते, हे या पाठात सांगितले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या लहानशा गावाने एकत्र बसून आपल्या जंगलाविषयी आणि जमिनीविषयी निर्णय घेतले. त्या गावाची हकिकत वाचा आणि आपल्या गावाशी ती ताडून पाहा.)



शाळेतून घरी जाताना वाटेत एखादी मोकळी जागा लागते. ती कोणाच्या मालकीची आहे, हे तुम्हांला ठाऊक नसते. तुम्ही तेथे क्रिकेट खेळता. शेजारच्या खाला तेथे शेळ्या चारतात. पावसाळ्यात वरच्या शेतांतले पाणी याच जागेतून ओढ्याकडे जाते. एके दिवशी दोन माणसे येतात. फीत लावून जागा मोजतात. चारही कोपऱ्यांवर चुन्याच्या खुणा करतात आणि निघून जातात.

घरी आल्यावर तुम्ही अब्बांना विचारता, "तिथे काय होणार आहे?"

अब्बा म्हणतात, "कुणास ठाऊक! वरून काहीतरी आले असेल."

हे 'वर' म्हणजे कोठे? तालुक्याला? जिल्ह्याला? मुंबईला? आणि जी जागा आपल्या दारासमोर आहे, तिच्याविषयी आपल्याला कोणीच का विचारले नाही? पुष्कळ गावांत हा प्रश्न मनातच राहतो. काही गावांनी मात्र तो मोठ्याने विचारला. अशाच एका गावाची हकिकत आज आपल्याला वाचायची आहे. परंतु त्याआधी थोडी तयारी करू.

गावाची जमीन एकसारखी नसते. जेथे घरे असतात ते गावठाण. जेथे पिके उभी असतात ते शिवार. गुरे चारण्यासाठी राखून ठेवलेली सार्वजनिक जमीन म्हणजे गायरान. याशिवाय ओढे, तळी, रस्ते, बाजाराची जागा, शाळेचे मैदान, स्मशान, कब्रस्तान आणि कोठे कोठे जंगल, हे सारे मिळून गाव होते. यांतला एक तुकडा एका कामाला दिला, की तो दुसऱ्या कामाला मिळत नाही. गायरानात इमारत झाली, की चराई संपली. ओढ्यात भराव घातला, की पाणी दुसरी वाट शोधते, आणि ती वाट कोणाच्या तरी घरातून जाते. म्हणून जमिनीचा निर्णय हा साधा निर्णय नसतो. तो पुढच्या पिढीलाही भोगावा लागतो.

जमिनीच्या कामकाजाची भाषा अवघड असते, असे पुष्कळांना वाटते. पण जरा लक्ष द्या. जमीन, नकाशा, जिल्हा, तहसील, अर्ज, हक्क, कायदा, दप्तर, मंजूर, नामंजूर. यांतला एक तरी शब्द तुम्हांला परका वाटतो का? हे शब्द फारसी आणि अरबी भाषांतून मराठीत आले आणि शेकडो वर्षे येथे राहून मराठीच झाले. तुमच्या घरातही ते रोज बोलले जातात. तेव्हा सरकारी कागद हातात आला तर बिचकू नका. त्यातले निम्मे शब्द तुमच्या ओळखीचे निघतील.

एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. तो शब्द म्हणजे 'हरकत'. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा करणी. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, तुमच्या भाषेत एतराज. 'माझी हरकत आहे' याचा अर्थ 'हे मला मान्य नाही'. 'माझी हरकत नाही' याचा अर्थ 'चालेल'. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो कामी येणार आहे.

आता ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांतला फरक पाहू. ग्रामपंचायतीत निवडून आलेले थोडे सदस्य बसतात. ग्रामसभेत गावातले सगळे मतदार बसतात. आमदाराला निवडून यावे लागते, सरपंचालाही निवडून यावे लागते. ग्रामसभेचा सदस्य होण्यासाठी मात्र कोणालाही निवडून यावे लागत नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली आणि गावाच्या मतदारयादीत नाव आले, की तुमची अम्मी, तुमचे अब्बा, तुमची दादी आणि उद्या तुम्ही स्वतः, सारे ग्रामसभेचे सदस्य.

१९९२ साली आपल्या संविधानात त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. या दुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या भरवण्याचा प्रघात आहे. सभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. स्त्रियांना मोकळेपणाने बोलता यावे, म्हणून मुख्य सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही तरतूद आहे. २०१५ साली महाराष्ट्रात 'आमचं गाव आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला. गावाला मिळणारा निधी कशावर खर्च करायचा, याचा आराखडा गावकऱ्यांच्या सहभागाने व्हावा, हा त्याचा हेतू.

असा आराखडा करताना कोठे कोठे एक सुंदर पद्धत वापरतात. गावातले लोक चौकात जमतात आणि रांगोळीने जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढतात. कोणी रस्ता काढतो, कोणी विहीर, कोणी शाळा. मग सगळे मिळून शिवारातून फेरी मारतात आणि नकाशा बरोबर आहे का ते पाहतात.

तुम्ही म्हणाल, कचेरीत छापील नकाशा असताना रांगोळीचा कशाला? सांगतो. छापील नकाशात ओढ्याची निळी रेघ असते. पण मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी कोणत्या घराच्या उंबऱ्याला लागते, ते तेथे राहणाऱ्यालाच माहीत असते. नकाशात विहिरीचे वर्तुळ असते. पण कोणती विहीर मे महिन्यापर्यंत टिकते आणि कोणती मार्चमध्येच आटते, ते रोज पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे लागते. शेळ्या कोणत्या वाटेने जातात ते गुराखी सांगतो. शाळेच्या वाटेवर चिखल कोठे होतो ते तुम्ही सांगू शकता. ही सारी माहिती कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नसते. ती माणसांच्या पायांत असते. ज्याला नीट आराखडा करायचा आहे, त्याला या माणसांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

आता मेंढ्याला जाऊ.

गडचिरोली शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गाव आहे. जवळच लेखा नावाचे दुसरे गाव आहे, म्हणून त्याला 'मेंढा (लेखा)' असे म्हणतात. घरे शंभराच्या आसपास. वस्ती गोंड आदिवासींची. ही माणसे घरात गोंडी बोलतात आणि कचेरीत मराठी. घरात एक भाषा आणि कामकाजात दुसरी, हे तुम्हांला काही नवे नाही.

गावाच्या भोवती दाट जंगल आहे. त्यात बांबू आहे, मोह आहे, तेंदू आहे, मध आहे. पिढ्यानपिढ्या गाव या जंगलावर जगत आले. पण कायद्याच्या कागदांत जंगल सरकारचे होते. बांबू तोडण्याचा ठेका कागदाच्या कारखान्याला मिळे. गावातल्या माणसाला मात्र स्वतःच्या घराच्या कुडासाठी चार बांबू आणायचे, तरी मनात धाकधूक असे.

सुमारे १९८० नंतरच्या काळात या भागात दोन मोठ्या धरणांच्या योजना पुढे आल्या. एक गोदावरीवर इचमपल्ली येथे आणि दुसरी इंद्रावतीवर भोपालपट्टनम येथे. ही धरणे झाली असती, तर पुष्कळ गावे आणि मोठे जंगल पाण्याखाली गेले असते. आदिवासींनी विरोध केला. बाबा आमटे यांच्यासारखी माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली. अखेर त्या योजना मागे पडल्या.

या आंदोलनातून एक प्रश्न उभा राहिला. आपल्याला काय नको, ते आपण सांगितले. पण आपल्याला काय हवे, ते कोण सांगणार? मेंढ्यातील देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते या प्रश्नावर गावकऱ्यांशी बोलू लागले. हळूहळू एक घोषणा गावाच्या तोंडी बसली : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

घोषणा देणे सोपे असते. तिच्याप्रमाणे वागणे कठीण. मेंढ्याने त्यासाठी दोन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासगट. एखादा विषय आला, की ज्यांना त्यात रस आहे ते एकत्र बसून त्याचा अभ्यास करतात. कायदा काय सांगतो, नुकसान किती, फायदा किती, याची चर्चा होते. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येऊ शकतात. ते माहिती देतात, सल्ला देतात. पण निर्णय देत नाहीत. निर्णय होतो ग्रामसभेत, आणि तो गावकरीच घेतात.

मधाचीच गोष्ट घ्या. पूर्वी मध काढताना पोळ्याखाली जाळ करीत. त्यात माश्या मरत. अभ्यास केल्यावर लोकांच्या ध्यानात आले, की माश्या मेल्या तर पुढच्या वर्षी मध कोठून येणार? मग माश्या न मारता मध काढण्याची पद्धत त्यांनी शिकून घेतली.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वसहमती. मेंढ्यात हात वर करून बहुमत मोजत नाहीत. एकाचीही हरकत असेल, तर निर्णय थांबतो. पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. कधी कधी एकाच विषयावर अनेक सभा होतात.

तुम्हांला वाटेल, ही तर वेळेची नासाडी! एका माणसासाठी साऱ्या गावाने का थांबावे? विचार करा. समजा, जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही असे साठ जणांनी ठरवले आणि चाळीस जणांना ते पटले नाही. मग ते चाळीस जण रात्री काय करतील? आणि त्यांना अडवायला रात्री जंगलात कोण जाईल? शंभरांपैकी शंभर जणांनी 'हो' म्हटले, तर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही. प्रत्येक जणच राखणदार होतो. निर्णय घ्यायला उशीर लागतो, पण तो पाळायला उशीर लागत नाही.

अशाच रीतीने मेंढ्याने जंगलाचे नियम केले. घरगुती गरजेपुरतेच जंगलातून आणायचे. किती आणायचे, त्याला मर्यादा ठेवायची. जंगलाला आग लावायची नाही. जंगलात अतिक्रमण करायचे नाही. बाहेरच्या माणसाने गावाच्या परवानगीशिवाय काही न्यायचे नाही. आणि राखण गावानेच करायची. हे नियम कोणी वरून पाठवले नव्हते. ज्यांना ते पाळायचे होते, त्यांनीच ते केले होते.

पुढे २००६ साली देशात वनहक्क कायदा झाला. जे लोक पिढ्यानपिढ्या जंगल वापरत आणि राखत आले, त्यांच्या गावाला त्या जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो, असे या कायद्याने मान्य केले. मेंढ्याने दावा दाखल केला. गावाकडे नियम होते, नोंदी होत्या, सवय होती. २००९ साली मेंढ्याला अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे.

तरीही एक अडचण उरली. बांबू हे गवताच्या कुळातले आहे, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचाल. पण १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांत धरला होता. नव्या कायद्याने बांबू गावाचा झाला, पण तो गावाबाहेर नेऊन विकायचा, तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे माल आमचा आणि किल्ली दुसऱ्याकडे! गावाने चिकाटी सोडली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. ज्या बांबूच्या चार काठ्या आणताना भीती वाटे, त्याच बांबूच्या विक्रीचे लाखो रुपये गावाच्या खात्यात जमा झाले.

२०१३ साली मेंढ्याने याहून अवघड पाऊल उचलले. आपापली शेतजमीन ग्रामदान करण्याचे गावकऱ्यांनी ठरवले. ग्रामदानात जमीन कसणारा तोच राहतो, पण ती बाहेरच्या माणसाला विकता येत नाही. येथे प्रत्येक कुटुंबाने आपल्या हातातले काहीतरी सोडले होते. अडीअडचणीला जमीन विकून पैसा उभा करण्याची वाट त्यांनी आपण होऊन बंद केली. कोणी जबरदस्ती केली असती, तर हे घडले असते का?

मित्रांनो, मेंढ्याभोवती जंगल होते आणि तेथील माणसांना एकत्र बसण्याची जुनी सवय होती. सगळीकडे असे नसते. पुष्कळदा आराखडा कचेरीत तयार होतो आणि मग लोकांपुढे येतो. अशा वेळी आपला तो शब्द कामी येतो : हरकत.

महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रादेशिक योजनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शहरांच्या विकास आराखड्यालाही हीच रीत लागू आहे. तेव्हा शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विषय फक्त खेड्याचा आहे असे समजू नये. तुमच्या मोहल्ल्यातला रस्ता किती रुंद होणार आणि मैदान राहणार की जाणार, हे अशाच एका नकाशात लिहिलेले असते.

हरकतीत किती बळ असते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात पाहायला मिळाले. २००६ साली तेथे 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून पाहिले. शेते, बागायती आणि डोंगरउतार यांवर पुष्कळ ठिकाणी वसाहतीचा रंग दिला होता. गावोगावी सभा झाल्या. 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले. अखेर २००७ च्या आरंभी सरकारने तो आराखडा रद्द केला. नवा आराखडा करण्याच्या कामात चार्ल्स कोरिया यांच्यासारखे नामवंत वास्तुशिल्पी होते. या वेळी गावांचे नकाशे ग्रामपंचायतींकडे पाठवून लोकांची मते मागवण्यात आली. त्यानंतरही वाद झाले. जमिनीचे वाद एका दिवसात मिटत नाहीत. पण नकाशा वाचायला लोक शिकले, आणि ही विद्या कोणी परत घेऊ शकत नाही.

आता एक कटू गोष्टही सांगायला हवी. पुष्कळ गावांत ग्रामसभा नावापुरती होते. थोडीच माणसे येतात. कोठे कोठे सभा न होताच सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते आणि लोक न वाचता सही करतात. सही करताना आपण एक रेघ ओढली असे वाटते. पण त्या रेघेने कदाचित गायरान गेलेले असते, कदाचित ओढा. मग 'वरून आले' असे म्हणून आपण मोकळे होतो. ते वरून आलेले नसते. ते आपल्याच सहीवरून गेलेले असते.

आणि सभा भरली, तरी तेथे कोण बोलतो? ज्याची जमीन मोठी, त्याचा आवाज मोठा. गायरानात चराई बंद करावी, असा ठराव आला, तर तो गावाच्या हिताचाही असू शकतो. गवत वाढेल, माती धरून राहील, पाणी मुरेल. पण ज्या खालांचे घर चार शेळ्यांवर चालते, त्यांनी उद्या शेळ्या कोठे न्याव्यात? हा प्रश्न सभेत विचारला गेला पाहिजे, आणि तो खालांनीच विचारला पाहिजे. त्या जर सभेच्या मागे कोपऱ्यात गप्प उभ्या राहिल्या, तर ठराव मंजूर होईल. पण तो गावाने ठरवला, असे म्हणता येणार नाही. गावाने ठरवले असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा ज्याचे नुकसान होणार आहे त्याचेही म्हणणे ऐकले गेले आणि त्याची सोय पाहिली गेली.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर अजून लहान आहोत. आम्हांला मत नाही." बरोबर आहे. पण डोळे आहेत, पाय आहेत, आणि आता दोन भाषा आहेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली नोटीस वाचा आणि घरी जाऊन दादीला तिच्या भाषेत समजावून सांगा. सभेचा दिवस अम्मी-अब्बांना आठवण करून द्या. गावाचा नकाशा पाहायला मिळाला, तर त्यात आपले घर, शाळा, ओढा आणि कब्रस्तान शोधा. जे नकाशात नाही आणि तुम्हांला ठाऊक आहे, ते वहीत लिहून ठेवा.

मग एखाद्या दिवशी त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यांवर पुन्हा चुन्याच्या खुणा दिसतील. तुमचा लहान भाऊ विचारील, "तिथे काय होणार आहे?" त्या वेळी 'वरून काहीतरी आले असेल' असे उत्तर त्याला देऊ नका. त्याचा हात धरा, ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत जा आणि विचारा, "हे कोणत्या सभेत ठरले?"

शब्दार्थ

ताडून पाहणे – तुलना करून पाहणे
प्रघात – रीत, रिवाज
तरतूद – आधीच केलेली सोय, व्यवस्था
आराखडा – कामाची आखणी, योजना
गत्यंतर नसणे – दुसरा उपाय नसणे
कूड – बांबू व काटक्यांची, मातीने लिंपलेली भिंत
धाकधूक – मनातील भीती
सर्वसहमती – सर्वांची संमती
अतिक्रमण – दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जागेचा बेकायदा ताबा
दावा – हक्काची मागणी
कसणे – जमिनीत शेती करणे
मसुदा – कच्चा लेख
अधिसूचित होणे – सरकारी राजपत्रात जाहीर होणे
ठराव – सभेने घेतलेला निर्णय

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) गायरान म्हणजे काय?
(२) ग्रामसभेचे सदस्य कोण असतात?
(३) मेंढा हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
(४) मेंढ्याला जंगलावर सामूहिक हक्क कोणत्या साली मिळाला?
(५) गोव्यातील लोकांनी कोणत्या आराखड्याला विरोध केला?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) छापील नकाशा असताना गावकऱ्यांना विचारण्याची गरज का असते?
(२) मेंढ्यातील अभ्यासगट आणि ग्रामसभा यांच्या कामांत कोणता फरक आहे?
(३) मेंढ्याने जंगलाविषयी कोणते नियम केले?
(४) 'माल आमचा आणि किल्ली दुसऱ्याकडे' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्रश्न ३. तुमचे मत लिहा.
बहुमताने घेतलेला निर्णय आणि सर्वसहमतीने घेतलेला निर्णय यांपैकी तुम्हांला कोणता योग्य वाटतो? का?

प्रश्न ४. पुढील शब्दांचा मराठीत आणि उर्दूत कोणता अर्थ होतो, ते लिहा. मराठी अर्थाने प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.
हरकत, ठराव (उर्दू : ठहराव), दप्तर (उर्दू : दफ्तर)

प्रश्न ५. वाक्यांत उपयोग करा.
ताडून पाहणे, गत्यंतर नसणे, चिकाटी न सोडणे, कामी येणे

प्रश्न ६. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(१) गाव निर्णय घेते. (भूतकाळ करा.)
(२) लोकांनी विरोध केला. (भविष्यकाळ करा.)
(३) मध काढताना माश्या मरत. (नकारार्थी करा.)

उपक्रम : चार-पाच जणांचा गट करा. आपल्या गावाचा किंवा मोहल्ल्याचा नकाशा रांगोळीने शाळेच्या अंगणात काढा. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्यात जुन्या विहिरी, ओढे आणि वाटा दाखवा. यांपैकी आज काय उरले आहे, त्याची यादी करून वर्गात वाचून दाखवा.